रुई आपली, शिलाई त्यांची

२०२० चा ऑक्टोबर. घटस्थापनेला चार दिवस उरले होते. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी कापसाचा पहिला वेचा चालला होता, आणि टाळेबंदीमुळे शहरातून परतलेली माझ्यासारखी माणसं अजून गावातच होती. त्या आठवड्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा अंदाज आला: यंदा बांगलादेशाचं दरडोई उत्पादन १,८८८ डॉलर, भारताचं १,८७७. अकरा डॉलरचा फरक. संध्याकाळी पारावर मोबाइल फिरले आणि दोन तट पडले. एक म्हणे, नाक कापलं गेलं. दुसरा म्हणे, आकडेच खोटे. चाळीस वर्षं कापूस पिकवलेले माझे काका बराच वेळ नुसते ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘‘आपलाच कापूस लिसनी त्या मोठा व्हयनात, मंग आपण काय करी राह्यनूत?’’ (आपलाच कापूस घेऊन ते मोठे झाले, मग आपण काय करतो आहोत?)

भारताच्या रुईचा आणि सुताचा बांगलादेश हा मोठा गिऱ्हाईक आहे, हे काकांना जिनिंगवाल्यांच्या बोलण्यातून ठाऊक होतं. बांगलादेशाची मागणी थंडावली की आपल्याकडे गाठींचे भाव उतरतात, हे कापूसपट्ट्यातल्या कुणालाही शिकवावं लागत नाही.

त्या दिवशी पारावर झालेल्या बोलण्यातला हा एकच प्रश्न मला कामाचा वाटला. दोन देशांचं दरडोई उत्पन्न शेजारी ठेवून पाहायला हवंच. पाहू नका म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण एका वर्षाच्या डॉलरच्या आकड्यावर अब्रू ठरवायला बसलो तर हाती काही लागत नाही. वीस-तीस वर्षांची चाल पाहावी लागते, आणि त्या काळात कोणत्या हातांना कोणतं काम मिळालं ते विचारावं लागतं.

आधी तो अकरा डॉलरचाच फरक घेऊ. त्या अंदाजात भारताची अर्थव्यवस्था २०२० मध्ये १०.३ टक्क्यांनी आकसणार असं धरलं होतं आणि बांगलादेशाची ३.८ टक्क्यांनी वाढणार असं. म्हणजे तो आकडा एका महामारीच्या वर्षाचा होता. शिवाय नाणेनिधीच्याच तक्त्यात क्रयशक्तीनुसार, म्हणजे त्या पैशात त्या देशात किती वस्तू येतात त्यानुसार, मोजलेला दुसरा रकाना होता; त्यात भारत ६,२८४ आणि बांगलादेश ५,१३९. आकडे खोटे म्हणणाऱ्यांनी हा रकाना दाखवला आणि विषय मिटला असं समजून ते घरी गेले. मला तीही घाई वाटते. पाच-सहा वर्षांपूर्वी जो देश डॉलरच्या हिशेबात आपल्यापेक्षा बराच मागे होता, तो बरोबरीला कसा येतो? एकट्या महामारीने एवढी दरी भरत नाही.

हे दोन रकाने का असतात, ते खानदेशातल्या माणसाला समजायला अवघड नाही. जळगावात भरीत, कळण्याची भाकरी आणि ताकाचा गिलास जेवढ्या पैशात मिळतो तेवढे पैसे डॉलरमध्ये बदलून न्यूयॉर्कला गेलात तर पाणीही मिळेल की नाही शंका आहे. डॉलरचा भाव ठरतो तो देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या मालावर आणि पैशावर: रुई, तेल, सोनं, यंत्रं, भांडवल. न्हाव्याची कात्री, रिक्षाचं भाडं, आचाऱ्याची मजुरी सीमा ओलांडत नाही. म्हणून गरीब देशातलं उत्पन्न डॉलरमध्ये मांडलं की असतं त्याहून लहान दिसतं. ही चूक दुरुस्त करण्यासाठी १९६८ पासून निरनिराळ्या देशांतल्या किमती गोळा करून तुलना करण्याचं काम सुरू झालं. तेही बिनचूक नाही. २००५ च्या किमतींची पाहणी प्रसिद्ध झाली तेव्हा चीनचं क्रयशक्तीनुसार उत्पादन आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी निघालं. चीनमध्ये एकही कारखाना बंद पडला नव्हता. किमती पहिल्यांदा नीट मोजल्या गेल्या, एवढंच.

काळाचा हिशेब याहून किचकट. आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरायचं: रोकड किती, धान्य किती, कपडे किती. माझ्या आजोबांच्या सालदाराला वर्षाला मिळायची ती रोकड आज एका दिवसाच्या मजुरीइतकीही भरत नाही. म्हणून आजचा मजूर त्याच्या तीनशेपट श्रीमंत झाला असं कुणी म्हणत नाही. म्हातारी माणसं लगेच विचारतात, त्या पैशात दादर (रब्बी ज्वारी) किती पायल्या येत होती? अर्थशास्त्रात याला स्थिर किमतींना मोजणं म्हणतात. दोन देशांची काळाच्या ओघातली तुलना करायची असेल तर प्रत्येक देशाची चाल त्याच्या स्वतःच्या स्थिर किमतींत पाहावी, आणि एकमेकांसमोर उभं करताना क्रयशक्ती वापरावी. चालू डॉलरची दर वर्षीची रांग लावून तिला प्रगतीचा आलेख म्हणणं म्हणजे सालदाराची रोकड मोजून दादर विसरणं.

विसरलं तर काय होतं, याची उदाहरणं आपल्याच इतिहासात आहेत. ६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४.७६ रुपयांवरून साडेसात रुपयांना गेला. डॉलरमधलं प्रत्येक भारतीयाचं उत्पन्न एका रात्रीत एक तृतीयांशाहून जास्त घटलं. दुष्काळाची ती वर्षं वाईटच होती, पण त्या एका रात्री कुणाच्या कणगीतून धान्य गेलं नाही. बांगलादेशात २०२२ नंतर हेच घडलं. तिथलं चलन टाका घसरलं आणि २०२३ मध्ये प्रत्यक्ष उत्पादन वाढत असूनही डॉलरमधलं दरडोई उत्पादन खाली आलं. त्याच्या उलट प्रकार २०२१ च्या अखेरीचा: बांगलादेशाने हिशेबाचं आधारवर्ष बदललं आणि दरडोई उत्पन्न २,२२७ डॉलरवरून थेट २,५५४ झालं. पूर्वी न मोजलेले उद्योग हिशेबात आले, याला लबाडी म्हणता येणार नाही. पण त्या सव्वातीनशे डॉलरसाठी कुणी एक जास्तीचा टाकाही कमावला नव्हता. २०२४ च्या जुलैत तर तिथल्या मध्यवर्ती बँकेलाच निर्यातीचे आधी छापलेले आकडे अब्जावधी डॉलरनी खाली आणावे लागले. एका वर्षाच्या रांगेवर उड्या मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दरडोई म्हणजे भागाकार, आणि भागाकारात भाजकही असतो. याकडे फार कमी लोक पाहतात. १९५१ मध्ये पूर्व पाकिस्तानची लोकसंख्या पश्चिम पाकिस्तानापेक्षा जास्त होती. आज बांगलादेश सतरा कोटींच्या आसपास आहे आणि पाकिस्तान २०२३ च्या जनगणनेत चोवीस कोटींच्या पुढे गेला. १९७१ मध्ये वेगळं होताना जो भाग गरीब आणि दाट होता, तो पुढे दरडोई हिशेबात पुढे गेला, त्यात कारखान्यांचा वाटा आहे तसाच गावोगाव फिरून बायकांपर्यंत कुटुंबनियोजन पोहोचवणाऱ्या आरोग्यसेविकांचाही आहे. आपल्याकडे तर भाजकच अंदाजाचा आहे. २०११ नंतरची जनगणना २०२१ मध्ये व्हायची, ती लांबली. तेव्हापासून दरडोई म्हणून जे काही छापलं जातं ते अंदाजलेल्या डोक्यांनी भागलेलं असतं.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण हा भाजक खानदेशात माणसांवर अन्याय करतो. राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्ह्यांचं दरडोई उत्पन्न छापतात. मुंबई, ठाणे, पुणे वर असतात आणि नंदुरबार तळाच्या जिल्ह्यांत. २०१२ च्या राज्य मानव विकास अहवालात नंदुरबारचा निर्देशांक ०.६०४ होता, राज्यात सर्वांत खाली, मुंबईचा ०.८४१. या देशात आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला तो याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात. माणूस पहिल्यांदा मोजला गेला इथे, पण त्याची कमाई कुठे मोजली जाते? दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुव्याकडची कुटुंबं कोयता घेऊन दक्षिण गुजरातच्या उसाच्या फडात जातात. सुरतेतल्या उधना-लिंबायतच्या यंत्रमागांवर आणि साड्यांच्या कामावर खानदेशाच्या दोन पिढ्या गेल्या. त्यांनी तोडलेला ऊस आणि विणलेलं कापड गुजरातच्या उत्पादनात धरलं जातं. फडातून परतणारा माणूस मात्र गणतीला नंदुरबारचाच असतो. वरचा आकडा तिकडे, खालचा इकडे. मग भागाकार करून आपण म्हणतो, हा जिल्हा मागास.

देशांच्या पातळीवर यासाठीच दोन शब्द आहेत. देशांतर्गत उत्पादन म्हणजे या मातीत जे पिकलं, बनलं ते. राष्ट्रीय उत्पन्न म्हणजे इथल्या माणसांच्या वाट्याला आलं ते, मग ते कुठेही कमावलेलं असो. आयर्लंडचं उत्पादन २०१५ मध्ये एका वर्षात पाव हिश्श्याने फुगलं, कारण परदेशी कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री तिथे नेली. शेवटी त्या देशाला स्वतःसाठी वेगळं सुधारित माप काढावं लागलं. नंदुरबारसाठी असं माप अजून कुणी काढलेलं नाही. १९८४ च्या दांडेकर समितीने जिल्ह्याजिल्ह्यांचा अनुशेष मोजला तो रस्ते, सिंचन, वीज अशा सोयींचा. माणसांच्या पायांनी वाहून जाणारी कमाई त्यात नव्हती.

आता चीन. हे उदाहरण मला सर्वांत जास्त बोचतं. १९९० मध्ये चालू डॉलरमध्ये भारताचं दरडोई उत्पादन चीनपेक्षा थोडं जास्तच होतं. दोन्ही देश तीन-पावणेचारशे डॉलरच्या घरात. आज चीन साडेबारा हजारांच्या पुढे आणि आपण अडीच हजारांच्या आसपास. क्रयशक्तीने मोजलं तरी ते आपल्या अडीच पटीच्या जवळ आहेत. इतकं अंतर कसं पडतं, याचा अंदाज मनाला चटकन येत नाही, म्हणून रावेरकडच्या दोन भावांचा हिशेब मांडून पाहा. वाटणी झाली, बांधाला बांध, दोघांचंही उत्पन्न वर्षाला एक लाख. एकाचं दर वर्षी दोन टक्क्यांनी वाढतं, दुसऱ्याचं सहा टक्क्यांनी. मृगात लावलेल्या केळीच्या पहिल्या दोन-तीन बागा निघेपर्यंत गावाला फरक कळणार नाही. तीस वर्षांनी एक १ लाख ८१ हजारांवर असेल आणि दुसरा ५ लाख ७४ हजारांवर. दोघेही म्हणतील आम्ही कष्ट केले, आणि दोघेही खरं बोलत असतील.

आपली पहिली तीस वर्षं अशीच गेली. अर्थव्यवस्था साडेतीन टक्क्यांनी वाढायची, लोकसंख्या दोन टक्क्यांहून जास्त. माणसामागे सव्वा-दीड टक्का उरायचा. या वेगाने उत्पन्न दुप्पट व्हायला पन्नास वर्षांच्या आसपास लागतात, म्हणजे एक आख्खा जन्म. १९८० नंतर आणि विशेषतः १९९१ नंतर वेग वाढला, ही गोष्ट मी मनापासून मान्य करतो. आमच्या पिढीने ती अंगावर अनुभवली आहे.

पण १९९० चा तो सारखा दिसणारा आकडा एक गोष्ट झाकत होता. त्या सुमारास चीनमध्ये प्रौढांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक लोक साक्षर होते. आपल्या १९९१ च्या जनगणनेत सात वर्षांवरच्या लोकांत साक्षरता ५२ टक्के होती, आणि स्त्रियांत ३९. एकाच्या विहिरीला पाणी लागलेलं होतं आणि दुसऱ्याची खणायची राहिली होती. वरून दोन्ही मळे सारखेच कोरडे दिसत होते. शिवाय चीनच्या खेड्यांत तोवर गाव-पातळीचे कारखाने उभे राहिले होते आणि त्यांत नऊ कोटींहून अधिक माणसं कामाला होती. शेती सोडली तरी त्यांना घर सोडावं लागलं नव्हतं. चीनमध्ये मोकळेपणाने बोलायची सोय नाही, तिथल्या आकड्यांवरही शंका घेतल्या जातात, हे सगळं खरं. तरीही खेड्यातल्या माणसाला खेड्याजवळ पगारी काम देण्याची ती गोष्ट हुकूमशाहीशिवाय जमणारच नाही, असं मानायला मी तयार नाही.

बांगलादेशाची गोष्ट तर आणखी जवळची. तिथल्या एका खासगी वस्त्रोद्योगाने १९७९ च्या सुमारास सव्वाशेहून अधिक माणसं कोरियातल्या कारखान्यात शिवणकाम शिकायला पाठवली. ती परतली आणि त्यांच्यातल्या अनेकांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर देशवार मर्यादा घातल्या होत्या. बांगलादेश नवा असल्याने त्याच्या वाट्याला मोकळीक आली. आपण त्या काळात तयार कपडे शिवण्याचं काम लघुउद्योगांसाठी राखून ठेवलं होतं, हेतू चांगला होता, पण मोठा कारखाना उभाच राहू शकला नाही. हे आरक्षण उठलं २००० च्या वस्त्रोद्योग धोरणानंतर. वीस वर्षं हातची गेली. आज बांगलादेशाच्या निर्यातीतला ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा शिवलेल्या कपड्यांचा आहे, आणि त्या कारखान्यांत चाळीस लाखांच्या आसपास कामगार आहेत, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. खेड्यातून आलेली, जेमतेम शिकलेली मुलगी महिन्याच्या महिन्याला स्वतःच्या हातात पगार घेते. लग्न लांबतं, मुलं कमी होतात, असलेली शाळेत जातात. भाजकही तिनेच आवरला आणि भाज्यही तिनेच वाढवला. बांगलादेशाचं सरासरी आयुर्मान आपल्यापेक्षा जास्त झालं ते त्यांचं दरडोई उत्पन्न आपल्यापेक्षा स्पष्ट कमी होतं तेव्हाच, हेही नोंदवायला हवं.

त्याची किंमत त्या मुलींनीच मोजली. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक कामगार गेले. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशी दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं होतं. त्या वर्षाच्या दरडोई आकड्यात याची कुठलीही खूण नाही. म्हणून ‘बांगलादेश करा’ असा सल्ला मी कुणाला देणार नाही. मजबूत इमारत, कामगार संघटना आणि वेळेवर पगार यांच्याशिवाय आलेला कारखाना मला खानदेशात नको.

पण कारखानाच नसणं, हेही सहन करण्यासारखं नाही. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव या गावांना कापडगिरण्या होत्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६० च्या दशकात, इंग्लंडला कापूस मिळेना तेव्हा खानदेशाच्या कापसाला सोन्याचा भाव आला, रेल्वे आली, पेठा वाढल्या, आणि त्याच भरात पुढे गिरण्या उभ्या राहिल्या. एकेक करून त्या बंद झाल्या. जळगावात गिरणीच्या जागेवर आज बाजारसंकुल आहे, आणि तिथे बाहेर शिवलेले कपडे विकले जातात.

एक साधा हिशेब. एका क्विंटल कापसातून तेहतीस-चौतीस किलो रुई निघते. घट धरूनही तिच्यात शंभरावर टी-शर्ट होतात. २०२०-२१ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,८२५ रुपये होता, म्हणजे एका टी-शर्टामागे फार तर अठ्ठावन्न रुपये, आणि त्यात सरकीची किंमतही आली. बियाणं, खत, फवारणी, वेचणी या अठ्ठावन्न रुपयांतूनच. पुढचं सूत, विणणं, रंगवणं, शिवणं, यांतलं प्रत्येक काम म्हणजे कुणाचा तरी पगार आहे. तो पगार आपण गाठी बांधून ट्रकवर चढवतो. आमच्या शेतात बायका कापूस वेचतात किलोवर, वर्षातले दोन-तीन महिने. उरलेलं वर्ष निंदणी मिळाली तर मिळाली. दोन देशांच्या दरडोई आकड्यांतलं अंतर शोधायचं असेल तर मी ते या रिकाम्या महिन्यांत शोधेन.

दादाभाई नौरोजींनी १८७० च्या दशकात ब्रिटिश हिंदुस्थानचं दरडोई वार्षिक उत्पन्न वीस रुपये काढलं. हा आकडा त्यांनी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशेजारी ठेवला आणि दाखवलं की मोकळ्या माणसाची कमाई तेवढीही भरत नाही. राज्यकर्त्यांना जाब विचारण्यासाठी त्यांनी सरासरी काढली होती. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीवर संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस आणि अर्थशास्त्रज्ञ राव यांच्याबरोबर आपले धनंजयराव गाडगीळ होते. आकडे काढण्यामागे इतकी तळमळ होती आणि आपण त्यांचा वापर क्रिकेटच्या धावफलकासारखा करतो, याचं मला वाईट वाटतं.

जिल्ह्यांच्या दरडोई तक्त्यात माझ्या मते आणखी दोन रकाने हवेत: जिल्ह्यातल्या स्त्रियांना वर्षात किती दिवस पगारी काम मिळालं, आणि जिल्ह्यातली किती माणसं किती महिने कमाईसाठी बाहेर होती. हे दोन आकडे दहा-वीस वर्षं ओळीने छापले गेले तर खानदेश कुठे चालला आहे ते डॉलरशिवाय कळेल, आणि कापूसपट्ट्यात शिवणीचा कारखाना का नाही, हे आमदार-खासदारांना आकडा दाखवून विचारता येईल.

या आखाजीला माझी पुतणी माहेरी आली होती. लिंबायतला राहते, घरकाम आटोपून साड्यांवर खडे चिकटवते, नगावर पैसे घेते. झोके घेऊन, गाणी म्हणून झाल्यावर ओट्यावर बसली आणि काकांना विचारलं, अमळनेरला असं काही काम निघालं तर आम्ही सगळे परत येऊ, निघणार आहे का? काका माझ्याकडे पाहायला लागले. चौथ्या दिवशी ती सुरतेच्या गाडीत बसली.